आटीव पाणी

नर्सबाईनं काचेची बारकी नळी खिडकीच्या उजेडात धरली आणि सखू पुढे वाकली. रक्त लाल नव्हतं. तिच्या नातीच्या, तीन महिन्यांच्या सईच्या चिमुकल्या हातातून आत्ता तिच्यादेखत काढलेलं रक्त, आणि त्याचा रंग कसा, तर सकाळचा चहा दुपारपर्यंत टोपात राहिला की होतो तसा. सखूला वाटलं, डोळ्यांत मोतीबिंदू होतोय म्हणत होते तो हाच. तिनं पदरानं डोळे पुसले, पुन्हा बघितलं. तसंच. डॉक्टरीणबाईंनी एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकला, कागद वाऱ्यावर हलवला, थांबल्या, पुन्हा हलवला. थेंब काही लाल होईना. सखूनं जन्मभर मासळी साफ केलेली, विळीवर बोटं कापून घेतलेली. रक्त कसं असतं हे तिला कुणी सांगायला नको होतं. डॉक्टरीणबाई वयानं तिच्या लेकापेक्षा, हरेशपेक्षाही लहान असतील, पण त्यांनी मान वर केली तेव्हा चेहरा एकदम जाणत्या माणसाचा झाला होता. "बाळाला दूध कोण करून देतं?" त्यांनी विचारलं. "मीच," सखू म्हणाली. "पावडरचं हाय. तिच्या आईला दूध पुरत नाय म्हनून." "आणि पाणी कुठलं?" आता गंमत बघा, एवढ्या भीतीतसुद्धा या प्रश्नानं सखूचा ऊर भरून आला. इतके दिवस जीव लावून जे केलं, ते कुणीतरी विचारत होतं. "आमच्या घरच्या विहिरीचं," ती म्हणाली. "नलाचं नाय. आनि तसंच नाय देत, चांगलं उकलून, आटवून, पार निम्मं करून." डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. शेजारी उभ्या असलेल्या सुनेकडे, नमिताकडे, एकदा बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "आजी, त्या पाण्यानंच झालंय हे."

पाण्यानं? सखूला आधी ते शब्द नुसते ऐकू आले, आत काही गेलं नाही. डॉक्टरीणबाई सांगत होत्या की शेतातलं खत, संडासच्या टाकीतलं पाणी, हे सगळं वर्षानुवर्षं जमिनीत मुरतं, त्यातून नायट्रेट नावाचा एक क्षार तयार होतो आणि तो विहिरीत उतरतो. त्याला ना रंग, ना वास, ना चव. मोठी माणसं ते पाणी पितात आणि त्यांना काही कळतही नाही, पण एवढ्याशा बाळाचं रक्त त्यानं बिघडतं, प्राणवायू वाहून नेईनासं होतं. म्हणून ओठ निळे, नखं निळी, म्हणून पोर अशी सुस्त. "अवो पन मी उकलून देत होती ना," सखू म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच परका वाटला. "उकळून जंतू मरतात, आजी. हे मरत नाही. पाणी वाफ होऊन जातं आणि हे खाली राहतं. जितकं आटवाल तितकं जास्त." मग त्या नमिताकडे वळल्या. औषध आहे, म्हणाल्या, देतोय लगेच, पण प्रमाण खूप वाढलंय, औषध लागू पडतंय का ते बघावं लागेल, आत्ता एवढंच सांगते. सईला उचलून काचेच्या खोलीत नेलं. एकच माणूस आत, म्हणाले, आईनं यावं. नमिता गेली. दार आपोआप मिटलं आणि सखू बाहेरच्या निळ्या खुर्चीवर बसली. हातात सईचं झबलं राहिलं होतं, ते तिनं पुन्हा पुन्हा घडी घातलं.

पाणी जातं आणि हे खाली राहतं. अगं बाई, हे कोण कुणाला शिकवत होतं! सखूचं माहेर खाडीकाठचं, बाप मिठागरावरचा. चालायला लागल्यापासून ती बापामागून बांधावरून फिरलेली. भरतीचं पाणी आत घ्यायचं, बांध घालून कोंडायचं, या कोंडीतून त्या कोंडीत फिरवायचं, आणि मग करायचं काही नाही, उन्हाकडे बघत बसायचं. पाणी वरच्यावर उडून जायचं. तळाशी आधी साय धरल्यासारखं काहीतरी दिसायचं, मग तळव्यांना खरखर लागायची, मग पांढरं फटफटीत मीठ. तळव्यांना भेगा पडायच्या आणि त्या भेगांतून मीठ असं झोंबायचं की रात्री बाप तिचे पाय मांडीवर घेऊन खोबरेल लावायचा. पाणी उडतं, मीठ बसतं. तिच्या गावात शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. आणि तीच सखू रोज सकाळी गॅसपाशी उभी राहून टोपातलं पाणी निम्मं होईपर्यंत हलत नव्हती. टोपाला आतून पांढरा थर यायचा, तो ती नखानं खरवडून घासायची आणि वर म्हणायची, बघा, किती घान निघाली. तळव्यांच्या जुन्या भेगा आज इतक्या वर्षांनी पुन्हा चुरचुरताहेत असं तिला वाटलं. चपलेतून पाय काढून तिनं ते हॉस्पिटलच्या गार फरशीवर टेकले. समोर एक बाई पोराला केळं भरवत होती. ते पोर लालबुंद होतं, धडधाकट होतं, आणि सखूला त्याच्याकडे बघवेना.

आणि ते पाणी आटवणं तरी केवढं सुखाचं होतं! खोटं कशाला बोला. त्यांच्या नवडेगावात घराघरात वॉशिंग मशीन, गाड्या, तीन तीन मजले. पण सकाळी नळाला येणाऱ्या पाण्याला औषधाचा वास यायचा आणि हरेशनं भिंतीला लावलेल्या फिल्टरचं पाणी तिला मेलेलं लागायचं. फिल्टरचं नाव काढलं की ती हात उडवायची. विहिरीचं पाणी जिवंत. लग्न होऊन आली त्या दिवशी सासूनं तिला आधी त्या विहिरीवर नेलं होतं, तेच पाणी पिऊन तिची दोन पोरं वाढली, आणि सईचं बारसं व्हायच्या आधी नमितानंही खणानारळानं त्याच विहिरीची ओटी भरली होती. नमिता साताऱ्याकडची. तिचे वडील वाशीच्या मार्केटात माथाडी. हरेशनं मनानं केलेलं लग्न, त्यामुळे सखू पहिलं वर्षभर जरा फुरंगटूनच होती. पोरीला साधा बोंबील साफ करता येत नव्हता. पोर मात्र हसरी. सखूच्या बोलण्यात 'ळ' नाही, आगऱ्यांच्या कुणाच्याच जिभेला तो वळत नाही, आणि नमिताला त्याची भारी मौज. सखू म्हणाली डोला दुखतो, की ही विचारायची, "मोहरमातला डोला का आई?" सखू म्हणाली दूध उकललं, की ही म्हणायची, "काय कोडं होतं का ते?" सखू वरवर डाफरायची आणि मोरीत जाऊन हसायची. मग सई झाली. नमिताला बेलापूरला वकिलाच्या ऑफिसात लवकर रुजू व्हावं लागलं. पहिल्या दिवशी दारातून मागे वळून ती म्हणाली, "आई, पाणी तेवढं नीट उकळा हं. तुमच्यावर सोडून चाललेय." तुमच्यावर सोडून चाललेय! त्या एका वाक्यावर सखू महिनाभर तरंगत होती. मधे पोरीला दोन दिवस पातळ झालं तेव्हा नमितानं फोनवरून सांगितलं, अजून थोडं उकळा. मग सखू कसली थांबते. निम्मं करायला लागली ती तेव्हापासून. टोपावर फडकं बांधायची, सईला मांडीवर घ्यायची आणि पाण्याच्या बुडबुड्यांच्या तालावर तिला थोपटायची. वाफेनं दोघींची तोंडं ओली व्हायची. तिच्या सगळ्या आयुष्यात तिला इतकं कुणी जवळ बसू दिलं नव्हतं.

तिनं काचेकडे बघितलं. आत नुसत्या पाठी दिसत होत्या. देवजी असता तर त्यानं आत शिरून तमाशा केला असता, तिला वाटलं, आणि मग वाटलं, बरं झालं नाही तो. देवजी तिचा नवरा, जाऊन चार पावसाळे झाले. जमीन प्रकल्पात गेली, हातात विहीर आणि घराभोवतीची जागा राहिली, तेव्हा त्यानं मागे भाडोत्र्यांसाठी रूमा बांधल्या. तळोज्याच्या कारखान्यांतली पोरं राहायला आली, त्यांच्यासाठी संडास आले, संडासाला टाकी आली, कारण गावठाणात गटाराची लाइन आलीच नव्हती. टाकी बांधताना देवजीनं गवंड्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, खाली कोबा करू नको, तल उघडा ठेव, म्हंजे भरायची कटकट नाय. आणि खरोखर ती टाकी कधी भरली नाही. बाकीच्यांच्या टाक्या उपसायला गाड्या यायच्या, नाकाला पदर लावायची पाळी यायची, आणि देवजी ओट्यावर बसून मिशीत हसायचा, माजी टाकी बग, केवडी गुनी. सखूलाही त्याचं कौतुक होतं. इतक्या माणसांची घाण जाते कुठं, हा प्रश्न दोघांनाही कधी पडला नाही. टाकीपासून विहिरीपर्यंत सखूची वाळवणाची दोरी बांधलेली होती. दोरी काही लांब नव्हती. म्हणजे माझी पोरं ज्या पाण्यावर वाढली ते पाणी निराळं होतं, सखू मनाशी म्हणाली, आणि मी अजून त्याच पाण्याच्या भरवशावर बसले होते. विहीर तीच, काठ तोच, रहाटाच्या जागी मोटर आली एवढंच. चवही तीच, गोड. तिला देवजीचा राग यायला हवा होता, पण डोळ्यांपुढे त्याचं ते मिशीतलं हसू आलं आणि राग काही धरवेना.

दार उघडून नमिता बाहेर आली. तिचे केस सुटले होते, ओढणी कुठंतरी राहिली होती. "डॉक्टर विचारतायत," ती म्हणाली, "रंग कधीपासून बदलला? किती दिवस झाले? मला सांगताच येईना, आई. मी सकाळी तिचा झोपेतच पापा घेऊन जाते, येते तेव्हा ट्यूबलाइट. आज सुट्टी होती म्हणून आंघोळ घालताना उन्हात बघितलं, तर ओठ हे असे. मी आई आहे का कोण आहे?" सखूनं तिचा हात धरला. "अगो, मी तं तुना रोज बोलली." "काय बोललात?" "तू आलीस की बोलायची ना, पोर सावली व्हाया लागली, पोर सावली झाली." नमिता तिच्या तोंडाकडे बघत राहिली. "ते तर तुम्ही लाडानं म्हणायचात," ती म्हणाली. "सावली. तिला सावलीच म्हणायचात. मला किती आवडायचं ते. मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं, आमच्या आईंनी पोरीला नाव काय ठेवलंय बघा, सावली." "सावली म्हंजे..." सखू अडखळली. तिनं स्वतःचा हात पालथा करून नमितापुढे धरला, काळसर, उन्हानं भाजलेला. "सावली म्हंजे अशी गो. माज्यासारकी."

बाई गं. नमिताचे ओठ हलले, सावळी, असं बिनआवाजाचं म्हणाले, आणि तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. सखूला सगळ्या संध्याकाळी एकदम आठवल्या. नमिता दारात चपला काढायची, सखू सईला पुढे करून म्हणायची, बग, आज अजून सावली झाली, आणि नमिता खळखळून हसायची, तिला कुशीत ओढायची. सखूला ते हसू इतकं आवडायचं! तिला वाटायचं, काय मोठ्या मनाची पोर, स्वतः गोरीपान आणि लेक काळवंडली तर हसते, नाक मुरडत नाही. आमच्यावर गेली, देवजीवर गेली, याचा सखूला छुपा अभिमान होता. काळेपणा घराण्यात होताच, त्यामुळे ओठांचा रंग बघून तिला भीती वाटली नाही, माया आली. पोर रडेनाशी झाली तर म्हणाली शानी हाय. हुंगून बघितलं, दृष्ट काढली, आणि पाणी अजून थोडं आटवलं. तिनं सांगितलं होतं आणि हिनं ऐकलं होतं, रोज, न चुकता, आणि दोघींच्या मधे पोर निळी होत गेली. आता ही काय बोलेल ते बोलू दे, सखूनं मनाची तयारी केली. पण आतून हाक आली तशी नमिता तोंड पुसून आत गेली, आणि सखू खुर्चीवर एकटी राहिली. पोर वाचू दे, ती म्हणाली, कुणाला ते तिलाही कळलं नाही, विहिरीला म्हणावं तर तोंड नव्हतं. पोर वाचू दे, मग हिनं मना तिच्या जवल नाय येऊ दिलं तरी चालंल. आणि लगेच पुन्हा म्हणाली, नाय, चालनार नाय.

ती उठून काचेला नाक लावून उभी राहिली. कुणी हटकलं नाही. नर्सनं सुई भरून आणली होती आणि सखूनं बघितलं तो काय, सुईत नीळ! चक्क नीळ, पांढऱ्या कपड्यांना घालतात तशी, गडद. अवो, पोर आधीच निळी हाय, तिला ओरडावंसं वाटलं, तिला आनि नील काय घालता? पण ओरडली नाही. आपल्याला जे ठाऊक आहे त्याच्यावरचा तिचा विश्वासच उडाला होता. डॉक्टरीणबाई स्वतः सुई धरून होत्या, अगदी सावकाश, लोणच्यात तेल सोडावं तशा बेतानं ती नीळ आत सोडत होत्या. नमिता सईच्या डोक्याशी वाकून काहीतरी पुटपुटत होती. मग थांबणं आलं. मिठागरावर बापाबरोबर थांबायची तसं, करायचं काही नाही, नुसतं बघायचं. हरेश कंपनीतून आला, तिच्या मागे उभा राहिला, काय झालं, काय झालं, म्हणत राहिला, ती काचेवरून नजर काढेना. आधी काहीच नाही. मग सखूला वाटलं, कानाची पाळी. कानाची पाळी जरा बदलली का? की उजेड बदलला? मग ओठांची कड. मग ओठ. कोकम पाण्यात टाकल्यावर पाण्याला रंग चढतो तसा कुठूनतरी आतून रंग येत होता, हळूहळू, लपतछपत, आणि सखू श्वास धरून उभी होती. नखं. एक एक नख गुलाबी झालं. आणि मग सईनं जे भोकाड पसरलं! काचेच्या पलीकडून ऐकू आलं. किती दिवसांनी पोर अशी रडली होती; सखूला तर तो आवाजच विसरायला झाला होता. "रड, बाय माजी, रड," ती मोठ्यानं म्हणाली आणि स्वतःच रडायला लागली, तिथंच, हरेशच्या छातीवर डोकं ठेवून, अगदी लाज सोडून.

घरी आल्यावर हरेशनं विहिरीची मोटर सोडवली, वर जाळी घातली आणि भाडोत्र्यांनाही हात जोडून सांगितलं की हे पाणी पोटात घेऊ नका. टाकीचं काम नव्यानं काढायचं ठरलं. सईची दुपटी दोन दिवस हिरवी-निळी होत होती, औषध उतरतंय म्हणाले. हरेश त्यावर विनोद करायचा, नमिता हसायची, सखू ती दुपटी गुपचूप धुवायची. बस, तेवढंच करायची. दुधाच्या बाटलीला तिनं हात लावला नाही. गुडघे दुखतात म्हणाली, हात थरथरतो म्हणाली, पोर रडायला लागली की मागच्या दारी जाऊन उभी राहायची. नमिता सुट्टी घेऊन घरात होती, फिल्टरचं पाणी घेऊन दूध करायची, आणि दोघींच्यात जे बोलणं व्हायचं ते भाजी काय करायची इतकंच. सखूच्या तोंडी तो शब्द पुन्हा आला नाही. संध्याकाळी ओट्यावरचं ऊन ओसरलं की ती शेजारणीला म्हणायची, चल, बाहेर बसू, ऊन गेलं. सावलीत बसू असं म्हणायची नाही. जिभेवर आलं की गिळायची. रात्री पडल्या पडल्या पोरीच्या अंगाचा वास आठवायची आणि कूस बदलायची. ही आता तिला पाळणाघरात घालणार, सखूला कळून चुकलं होतं. घालू दे. तिची लेक, तिचा हक्क. पण मग ती अंधारात उठून बसायची.

सुट्टी संपली त्या सकाळी सखू मुद्दामच मागच्या ओट्यावर मेथी निवडत बसली. पाळणाघराची पिशवी भरलेली आपल्याला दिसू नये म्हणून. आत सई भोकाड पसरून रडत होती, थांबायचं नावच नाही. नमिताची पावलं इकडून तिकडे झाली, फिल्टरचा नळ सुटल्याचा आवाज आला, चमचा वाजला. मग ती बाहेर आली. ऑफिसची साडी नेसलेली, खांद्याला पर्स, एका हातावर सई, दुसऱ्या हातात बाटली. "आई, मला उशीर होतोय," ती म्हणाली. "घ्या." सखूनं हात मेथीतच ठेवले. "अगो, मना नको. माजा भरोसा नाय आथा. माजाच मना नाय." "मला आहे," नमिता म्हणाली. "तुम्ही रोज सांगत होतात, आई. घरात आम्ही दोघं होतो, पण तिच्याकडे रोज नीट बघणाऱ्या तुम्ही एकट्याच होतात. मलाच ऐकू आलं नाही." तिनं सईला सखूच्या मांडीवर ठेवलं, मेथीच्या जुड्यांवरच. "आणि तिच्या सावलीशिवाय ती झोपत नाही. चार दिवस बघतेय मी, रात्रभर शोधते." सखूनं मान वर केली. सई मांडीवर पडताच हुंदके देत गप्प झाली होती आणि तिनं सखूच्या पदराची कड मुठीत धरली होती. "कंची सावली?" सखूनं विचारलं. "तुजी का माजी?" "तुमची काय आणि माझी काय," नमिता म्हणाली, डोळे पुसत चपला शोधायला लागली, आणि दारातून ओरडली, "दूध गार होईल, आई!"

सखूनं बाटली मनगटावर उपडी करून एक थेंब चाखला. मग सईची मूठ हलकेच उघडून तिची नखं उन्हाकडे धरली, पाचही बघितली, आणि बाटली तिच्या तोंडाला लावली.